देवाने निवडलं म्हणजे नेमकं कोणी निवडलं?

जग निर्माण व्हायच्या आधीच देवाने काही माणसांना निवडून ठेवलंय असं ख्रिस्ती शिक्षणात सांगतात, आणि हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा प्रश्न बहुतेक एकच असतो, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येऊच. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे जो बायबल क्लासमध्येसुद्धा फारसा कोणी विचारत नाही, निवडलं कोणी? नुसतं "देवाने" म्हणून ख्रिस्ती माणसाची सुटका होत नाही, कारण तो ज्या देवाला मानतो तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य देव आहे. मग निवडणारा एकटा पिता का? पुत्राला विचारलं होतं का? आत्म्याचा ह्यात काही हात आहे की तो नंतर आला? हे उगाच डोकं शिणवायला काढलेले प्रश्न वाटतील, पण माझं मत असं आहे की ह्या शिकवणीची जी भीती लोकांना वाटते ना, आपलं नाव यादीत असेल की नसेल ही, ती बरीचशी त्रैक्य बाजूला ठेवून निवडीबद्दल बोलल्यामुळे येते.

आधी निवड म्हणजे काय ते पटकन बघू. जुन्या करारात देव अब्राहामाला बोलावतो, मग इस्राएल राष्ट्राला आपलं म्हणतो, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात स्पष्ट सांगतो की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत लहान होतात, माझी प्रीती होती म्हणून निवडलं. म्हणजे लायकी बघून नाही. आणि अब्राहामाला बोलावतानाच हेही सांगितलंय की तुझ्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल, म्हणजे एकाची निवड इतरांना बाहेर ठेवण्यासाठी नव्हती, हे लोक सोयीस्करपणे विसरतात. पुढे यशया ४२ मध्ये एक सेवक येतो, "माझा निवडलेला", आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात डोंगरावर ढगातून वाणी येते की हा माझा पुत्र, माझा निवडलेला, ह्याचं ऐका. हे लक्षात ठेवा, नव्या करारात निवडलेल्यांमध्ये पहिला नंबर खुद्द येशूचा आहे.

आता त्रैक्य. ३२५ ची निकियाची धर्मसभा आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची सभा ह्यांमधून जे ठरलं ते थोडक्यात असं की देव एकच, पण पिता, पुत्र, आत्मा हे तिघं खरोखर वेगळे, आणि तिघंही पूर्ण देव. ह्यावर हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०, हिप्पो म्हणजे आजच्या अल्जेरियातलं अन्नाबा) आणि त्याच्या आगेमागे इतरांनी एक नियम घट्ट बसवला, की जगाच्या बाबतीत देव जे काही करतो ते तिघं मिळून करतात, कोणी एकटा करत नाही. पण करताना प्रत्येकाची रीत आपापली असते, पित्यापासून सुरुवात, पुत्राच्या द्वारे, आत्म्यात पूर्ण. संडे स्कूलमध्ये शिकवतात ना, पिता निवडतो, पुत्र किंमत भरतो, आत्मा आपल्या मनात विश्वास उत्पन्न करतो, ते चुकीचं नाहीये, पण ते तीन डिपार्टमेंटसारखं डोक्यात बसलं की गडबड सुरू होते, कारण मग असं वाटायला लागतं की वरच्या टेबलावर निर्णय झाला आणि पुत्र नि आत्मा फक्त अंमलबजावणीला.

पौलाचं इफिसकरांस पत्र उघडून बघा, पहिला अध्याय, ३ ते १४ ओव्या. मूळ ग्रीकमध्ये हे सगळं मिळून एकच वाक्य आहे, पूर्णविराम नाही, पौल बोलत सुटलाय आणि थांबायचं नाव नाही. सुरुवात पित्यापासून, त्याने जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्याला निवडलं. पण लगेच, कुठे निवडलं? ख्रिस्तात. ह्या एका वाक्यात "ख्रिस्तात", "त्याच्यामध्ये", "त्या प्रियात" असं इतक्या वेळा येतं की वाचताना कंटाळा यावा, पौलाला ते ठसवायचंच आहे. मग पुत्राच्या रक्ताने सुटका, पापांची क्षमा. आणि शेवटी पवित्र आत्मा, ज्याचा शिक्का विश्वास ठेवणाऱ्यांवर बसलाय आणि जो आपल्या वतनाचा विसार आहे. जमिनीचा व्यवहार ठरला की आधी विसार देतात, तो हातात पडला की सातबारा अजून नावावर झाला नसला तरी माणूस निर्धास्त असतो, तसं. फक्त इथे विसार म्हणून कोणी पैसे दिलेले नाहीत, देवाने स्वतःलाच दिलंय. आणि तिन्ही ठिकाणी, ६ व्या, १२ व्या आणि १४ व्या ओवीत, त्याच्या गौरवाची स्तुती व्हावी म्हणून, हे पालुपद.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळींत हेच आणखी आटोपशीर आहे. तो वाचकांना निवडलेले म्हणतो आणि कसे निवडलेले तर देवपित्याच्या पूर्वज्ञानाप्रमाणे, आत्म्याच्या पवित्रीकरणाने, येशू ख्रिस्ताच्या आज्ञेत राहायला आणि त्याच्या रक्ताच्या शिंपडण्यासाठी. पत्राचा मायना अजून संपला नाही तेवढ्यात तिघंही हजर! थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातही, २:१३-१४ मध्ये, तसंच. ह्या लोकांनी त्रैक्याची व्याख्या करायला बैठक घेतली नव्हती, त्या सभा अडीचशे-तीनशे वर्षांनी झाल्या, पण निवडीबद्दल लिहायला घेतलं की हात आपोआप तिघांकडे जातो.

मला सगळ्यात खोल वाटतं ते योहानाचं शुभवर्तमान. ६ व्या अध्यायात येशू म्हणतो की पिता मला जे देतो ते सगळं माझ्याकडे येईल, आणि जे दिलं त्यातलं काही मी हरवू देणार नाही. इथे पिता देणारा, पुत्र सांभाळणारा. पण १३ व्या आणि १५ व्या अध्यायात तोच येशू सरळ म्हणतो, मी कोणाला निवडलंय ते मला माहीत आहे, तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं. १३ व्या अध्यायात तर समोर त्याला धरून देणारा यहूदासुद्धा बसलाय आणि विषय त्याचाच चाललाय. म्हणजे निवडणाऱ्याच्या बाजूलाही पुत्र आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याने हे पकडलं होतं, निवडण्याचा अधिकार ख्रिस्त पित्याबरोबर स्वतःकडेही घेतो असं तो लिहितो. आणि मग १७ वा अध्याय, जिथे येशू प्रार्थना करतो आणि २४ व्या ओवीत पित्याला म्हणतो, जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. जगाच्या स्थापनेपूर्वी! पौलाने आपल्या निवडीची जी वेळ सांगितली तीच ही. म्हणजे काळाच्या आधी देव एकटा यादी करत बसला होता हे चित्रच मुळात बायबलचं नाहीये, काळाच्या आधी तिथे पित्याची पुत्रावरची प्रीती होती, आणि निवड म्हणजे त्या प्रीतीत आपल्यालाही ओढून घ्यायचं ठरवणं. म्हणूनच इफिसकरांच्या पत्रात निवडीपाठोपाठ लगेच दत्तक घेण्याची गोष्ट येते, आणि रोमकरांस ८ मध्ये आत्मा आपल्या आतून "अब्बा, बापा" अशी हाक मारायला लावतो, जी हाक खरं तर पुत्राची आहे.

इतकं सगळं पानावर असताना पुढे ते मागे कसं पडलं? ऑगस्टीनकडे ते अजून होतं. पेलागियसशी त्याचा वाद झाला, माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकतो का ह्यावरून, आणि म्हातारपणी, ४२८-२९ च्या सुमारास, गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या) काही मठवासीयांच्या शंकांना उत्तर देताना त्याने एक भारी मुद्दा मांडला. पूर्वनियोजनाचं, म्हणजे देवाने आधीच ठरवून ठेवण्याचं, सगळ्यात लखलखीत उदाहरण कोण, तर येशू स्वतः. त्या मनुष्य येशूने आधी असं काय पुण्य कमावलं होतं म्हणून देवाच्या शब्दाने, म्हणजे अनादी पुत्राने, त्याचं मनुष्यपण आपलंसं केलं? काहीच नाही, तो असायला लागला तेव्हापासूनच तो देवाचा पुत्र होता, निव्वळ कृपा. मस्तकाला, म्हणजे ख्रिस्ताला, जी कृपा तीच त्याच्या अवयवांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना.

मध्ययुगात शिकवायच्या पुस्तकांचा क्रम बदलला आणि मला वाटतं क्रमाने बरंच नुकसान केलं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या महाग्रंथाचा पहिला भाग बघा, पूर्वनियोजन २३ व्या प्रश्नात येतं आणि त्रैक्य सुरू होतं २७ व्या प्रश्नात. आधी "एक देव", त्याचं ज्ञान, त्याची इच्छा, त्या इच्छेखाली निवड, आणि मग पुढे कुठेतरी पिता-पुत्र-आत्मा. थॉमसला स्वतःला हे पुरतं ठाऊक होतं, ख्रिस्ताच्या पूर्वनियोजनावर त्याने तिसऱ्या भागात वेगळा प्रश्न घातलाय, पण घाईत शिकणाऱ्याच्या मनात काय राहणार, एक बिननावाची प्रचंड इच्छा जी काहींना घेते आणि काहींना सोडते.

कॅल्विनचं नाव ह्या विषयात खलनायकासारखं घेतलं जातं, ते थोडं अन्यायाचं आहे. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत निवड कुठे आहे तर तिसऱ्या पुस्तकात, २१ ते २४ अध्याय, आणि ते पुस्तक ख्रिस्ताची कृपा आपल्यापर्यंत आत्म्याद्वारे कशी पोचते ह्याबद्दल आहे, प्रार्थनेवरच्या लांबलचक अध्यायानंतर. तिथे तो म्हणतो की आपण निवडलेले आहोत का हे स्वतःत शोधू नका, सापडणार नाही, आणि पुत्रापासून तोडून पित्यात शोधाल तर तिथेही सापडणार नाही, ख्रिस्त हाच आरसा, त्यात बघा. लुथेरन लोकांनी १५७७ च्या आपल्या विश्वासपत्रात जवळपास हेच सांगितलं, जीवनाचं पुस्तक म्हणजे ख्रिस्त, देवाच्या गुप्त खोलीत डोकावू नका. आता कॅल्विनने त्याच ग्रंथात नाकारलेल्यांबद्दलही कठोर लिहिलंय, ते पुसता येत नाही. पण सांत्वन कुठे शोधायचं हे त्याने त्रैक्याला धरून सांगितलं एवढं मान्य करायला हवं.

खरी झटापट हॉलंडमध्ये झाली. लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस १६०८ मध्ये द हेगला आपली बाजू मांडताना म्हणाला की देवाचा पहिला निर्णय अमक्या-तमक्याला निवडायचा नव्हताच, पहिला निर्णय आपल्या पुत्राला मध्यस्थ नेमायचा, दुसरा निर्णय जे पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवतील त्यांना स्वीकारायचा, तिसरा त्यासाठी लागणारी साधनं पुरवायची, आणि व्यक्तींचा नंबर चौथा, कोण विश्वास ठेवेल हे आधी जाणून. म्हणजे ख्रिस्त निवडीचाच पाया. त्याच्या मृत्यूनंतर १६१० मध्ये त्याच्या लोकांनी पाच कलमं मांडली आणि १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने ती फेटाळली. डॉर्टने पण ख्रिस्ताला वगळलं नाही हं, त्यांनी लिहिलं की देवाने ठरावीक लोकांना ख्रिस्तात तारणासाठी निवडलं आणि ख्रिस्ताला अनादी काळापासून निवडलेल्यांचं मस्तक आणि तारणाचा पाया नेमलं. निवडीचा पाया की तारणाचा पाया, वाद एवढ्याशा फरकावर येऊन थांबतो आणि फरक एवढासा नाहीये! एका बाजूला भीती की निवड माणसाच्या विश्वासावर लटकेल, दुसऱ्या बाजूला भीती की ख्रिस्त आधीच ठरलेल्या गोष्टीचा फक्त हस्तक होईल.

ही दुसरी भीती ज्यांना जाणवली त्यातल्या काही रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, मंडळींनी तारणाच्या कराराची कल्पना पुढे आणली. स्कॉटलंडच्या डेव्हिड डिक्सनने १६३८ मध्ये ग्लासगोच्या सभेत ती मांडली, नंतर कोक्सेयस ह्या धर्मशास्त्रज्ञाने विस्ताराने. काळाच्या आधी पिता आणि पुत्र ह्यांच्यात करार झाला, पिता एक लोकसमुदाय पुत्राला देतो, पुत्र त्यांच्यासाठी मनुष्य होऊन मरायला स्वखुशीने तयार होतो. ह्यात पुत्र हुकमाचा ताबेदार राहत नाही, निवडीत त्याची मर्जी आहे, हे मला फार आवडतं. पण दोन अडचणी लगेच समोर येतात. करार करायला दोन इच्छा लागतात, आणि देवाची इच्छा तर एकच, मग हे दोन देव झाले की काय? सतराव्या शतकातला इंग्लिश धर्मशास्त्रज्ञ जॉन ओवेन, त्याचं उत्तर असं की इच्छा एकच आहे पण पिता ती पिता म्हणून धरतो आणि पुत्र ती पुत्र म्हणून. तीनशे वर्षांनी स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थला हे उत्तर काही पटलं नाही, त्याला ह्या करारात दोन वेगवेगळे कायदेशीर पक्षकार दिसले. आणि दुसरी अडचण, आत्मा कुठे आहे? करार बापलेकाचा, आत्मा मागून येऊन त्याचा लाभ वाटणार, म्हणजे तिसऱ्याला परत अंमलबजावणी खातं. काहींनी त्यालाही करारात घेतलं, पण एकंदरीत ह्या सगळ्या इतिहासात आत्म्याच्या वाट्याला दुय्यम खुर्ची आलीये हे खरंय.

बार्थने १९४२ मध्ये, बासेलला असताना, आपल्या मोठ्या ग्रंथमालेच्या एका खंडात ही सगळी मांडामांड उलटीपालटी केली. ठिणगी पडली होती १९३६ मध्ये, जिनिव्हात पियेर मोरी नावाच्या फ्रेंच पाळकाचं व्याख्यान ऐकून, हे श्रेय बार्थने स्वतः दिलंय. बार्थचं म्हणणं, येशू ख्रिस्त हा निवडणारा देव आहे आणि निवडलेला माणूसही तोच आहे. येशूच्या पाठीमागे लपलेला दुसरा कोणी देव नाही ज्याचा निर्णय वेगळा असू शकेल. आणि नाकारला गेलेलाही तोच, वधस्तंभावर. कॅल्विनवर त्याचा आक्षेप हाच होता की आरशात बघा म्हणतोस पण आरशामागे एक गुप्त हुकूम ठेवतोस, मग आरशावर भरवसा कसा बसणार.

ह्यातून एक वाद निघाला जो बार्थच्या अभ्यासकांमध्ये अजून धुमसतोय. प्रिन्स्टनच्या ब्रूस मॅकॉरमॅकने २००० मध्ये लिहिलं की बार्थचं म्हणणं शेवटपर्यंत नेलं तर देवाने माणसाचा देव व्हायचं ठरवणं हेच तर्काच्या क्रमात आधी येतं आणि त्याचं त्रैक्य असणं त्यातून येतं. पॉल मोल्नार आणि जॉर्ज हन्सिंगर ह्यांनी कडाडून विरोध केला, कारण मग जगाशिवाय देव देवच राहणार नाही, आणि ज्याला दुसरा पर्यायच नव्हता त्याच्या निवडीला कृपा कसं म्हणायचं? मी ह्यात मोल्नारच्या बाजूला झुकतो. निवडायला आधी कोणीतरी असावं लागतं, आणि योहान १७ प्रमाणे आधी जे होतं ते पित्याची पुत्रावरची प्रीती, आपण तिथे नव्हतो तरी ती पूर्ण होती.

आता ते राहिलेलं, बाकीच्यांचं काय. गंमत अशी की त्रैक्याचा आधार दोन्ही पक्ष घेतात. ओवेनचा युक्तिवाद असा, तिघं मिळूनच काम करतात ना, मग पिता ज्यांना निवडतो त्यांच्यासाठीच पुत्र मरतो आणि त्यांच्यातच आत्मा विश्वास उत्पन्न करतो, पुत्र सगळ्यांसाठी मेला आणि आत्मा काहींनाच विश्वास देतो असं म्हणाल तर देवातच फूट पडेल. उलट मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली, त्याने १७३९ मध्ये ब्रिस्टॉलला उपदेश केला तो वेगळ्या फुटीबद्दल, येशू सगळ्यांना या म्हणून बोलावतो, यरुशलेमेकडे बघून रडतो, आणि पित्याने मात्र त्यातल्या बहुतेकांना सोडून द्यायचं आधीच ठरवलंय असं असेल तर येशूचं रडणं ढोंग ठरतं. त्यावरून त्याचं आणि त्याचा सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डचं चांगलंच बिनसलं. आपल्याकडे १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत प्रेस्बिटेरियन परंपराही होती आणि वेस्लीला मानणारे ब्रिटिश मेथडिस्टही, म्हणजे एका बाकावर बसणाऱ्या दोघांची पूर्वपरंपरा ह्या प्रश्नावर एकमेकांविरुद्ध असू शकते.

बार्थच्या वाटेने गेलं तर ख्रिस्तात सगळेच निवडलेले, मग शेवटी सगळेच वाचणार का? दुसरा स्विस धर्मशास्त्रज्ञ एमिल ब्रुनरने त्याला हेच खडसावून विचारलं, अशाने माणसाच्या विश्वासाच्या निर्णयाला अर्थ काय उरतो म्हणून. बार्थने सगळे वाचतील असा सिद्धांत करायला नकार दिला आणि तशी आशा धरू नका असं म्हणायलाही नकार दिला. बरेच जण त्याला पळवाट म्हणतात. मला वाटतं त्रैक्य इथे हिशोब पुरा करून देत नाही, ओवेनचा आक्षेप आणि वेस्लीचा आक्षेप दोन्ही उभेच राहतात, पण एक गोष्ट ते बाद करतं, येशू एक बोलतोय आणि पित्याच्या मनात दुसरंच आहे ही शक्यता. ओवेनच्या शिष्याला असो की वेस्लीच्या, योहान ६:३७ मधलं ते "जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही" हे वाक्य पित्याचंही समजूनच वाचावं लागतं.